खालची खोली आणि पाळीची चाल

मी, खाली सही करणारी, काचकारखान्याच्या नक्षीखात्यातून निवृत्त झालेली कामगार, भट्टीमास्तरांची एकुलती मुलगी, अकॉर्डियन मंडळाची सध्याची चालक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, पण झडपेने कोणी विचार करत नाही. उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. मात्र हे सांगताना ते माझ्याकडे न बघता माझ्या मुलीकडे बघत होते, म्हणून आजच लिहायला बसले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. गेल्या रविवारी होते. ते जिन्याने खाली उतरून गेले.

कलम १. बँकेतली शिल्लक माझ्या चिरंजीवाला आणि कन्येला निम्मी निम्मी. चिरंजीवाने दूर राहून कधी फोन चुकवला नाही, कन्येने जवळ राहून कधी माझी औषधे चुकू दिली नाहीत. घरातले सामान दोघांनी बोलून वाटून घ्यावे. "एवढं जुनं कशाला ठेवलं" असे चिरंजीवाने तोंडातल्या तोंडात पुटपुटू नये. स्पष्ट म्हणावे, आणि मग न्यावे.

कलम २. काचेवर नक्षी कोरण्याची माझी दगडी चाके आणि त्यांचे पायाने चालवायचे यंत्र नणंदेच्या नातीला. तिचा हात स्थिर आहे. तिच्या आजीने पाहुण्यांसाठी म्हणून नेलेला माझ्या हातचा काचेचा जग तिकडेच राहू द्यावा. त्याच्या कडेचा टवका आधीपासूनच होता, असे नणंद शपथेवर सांगते. शपथ घेणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही.

कलम ३. घराची वाटणी करण्याआधी मंडळ म्हणजे काय, हे सांगणे भाग आहे. नाहीतर माझ्या मागे ज्याला त्याला आपापला इतिहास सुचेल.

माझे वडील भट्टीवर काच फुंकायचे. उष्णतेने आणि धुराने छाती गेली. डॉक्टरांनी नळी तोंडाला लावायची नाही म्हणून बजावले, तेव्हा त्यांनी गाव सोडून चाललेल्या एका वादकाकडून जुने अकॉर्डियन घेतले. म्हणायचे, "माझा भाता फाटला, आता हा दुसरा." आमच्या घराच्या खालच्या खोलीत त्यांनी आधी स्वतः वाजवले, मग भट्टीवरच्या पोरांना शिकवले. त्यातून मंडळ उभे राहिले. कारखान्यात पाळी बदलताना भोंगा व्हायचा, उतरणारे आणि चढणारे कामगार गेटपाशी एकमेकांना ओलांडून जायचे. त्या चालण्यावर वडिलांनी एक चाल बांधली. तीच आमची पाळीची चाल. तिचे दोन आवाज आहेत. वरचा आवाज उतरणाऱ्यांचा, हलका, घरी निघालेला. खालचा खर्ज चढणाऱ्यांचा, पाय ओढणारा. दोन्ही मध्यावर भेटतात आणि एकमेकांना ओलांडून जातात. वडिलांना सूर लिहिता येत नव्हते. चाल कानातून कानात गेली. आम्ही ती लग्नांत, शाळांत, निरोपसमारंभांत वाजवली. कारखान्याच्या बाहेरची माणसेसुद्धा ती शिट्टीवर म्हणायची.

मी वरचा आवाज वाजवायचे. माझे पती खर्ज वाजवायचे. आणि वरच्या आवाजात माझ्या शेजारी साचेवाले भावजी. साच्याखात्यात लाकडी साचे घडवायचे, माझ्या पतींचे जिवाभावाचे मित्र, म्हणून मी त्यांची वहिनी. पुढे पतींना ते माणसात धरेनासे झाले, पण मला वहिनी म्हणणे त्यांनी सोडले नाही. आजही तेच मंडळाचे चिटणीस आहेत.

कलम ४. हे घर वडिलांकडून मला आले. गेल्या रविवारी तालीम संपल्यावर भावजी वर आले. पाणी दिले, ते घेतले नाही. उभ्या उभ्याच म्हणाले,

"घर मंडळाच्या नावावर करा, वहिनी. आणि त्यात एक अट घाला. कारखान्याच्या मालकाच्या घरच्या लग्नात ज्यांनी वाजवलं, त्यांच्या घरातलं कोणी खालच्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाही."

"भावजी, म्हणजे माझ्याच घरातलं कोणी माझ्या घरात पाय ठेवायचा नाही?"

"तुम्ही सोडून."

"मी गेल्यावरचं ठरवतोय आपण. मला सोडून उपयोग काय?"

ते हसले नाहीत. मी सांगितले की माझ्यामागे मंडळ कन्येने चालवावे असे माझ्या मनात आहे. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"वहिनी, तिला पाहिलं की मी वय मोजतो," ते म्हणाले. "तिच्याएवढा असता आज. ती चालकाच्या खुर्चीत बसली तर मी वाजवणार नाही. आणि माझ्यामागे कोणी वाजवेल असं मला वाटत नाही."

खोटे नाही ते. मंडळात आता जी थोडी माणसे उरली आहेत, ती त्यांच्या शब्दावर उठतात आणि बसतात. मी म्हटले, "विचार करते." ते जिना उतरले. कठड्याला हात लावल्याशिवाय, ताठ.

विचार केला. त्याचा निकाल पुढे आहे.

कलम ५. हे कलम लिहिण्यासाठीच खरे तर मी हे सगळे लिहीत आहे.

भट्टीचे छप्पर कोसळून दोघे कामगार गेले, आणि संप झाला. सगळ्यांना ठाऊक आहे. संपकऱ्यांना कारखान्याचा दवाखाना बंद झाला, हेही ठाऊक आहे. त्याच दिवसांत वस्तीत घटसर्प आला. घटसर्पाचे औषध फक्त त्या दवाखान्यात होते. माझी मुलगी आणि भावजींचा मुलगा एकाच आठवड्यात आजारी पडले. दोघे एकाच वर्गात होते, एकाच बाकावर बसायचे.

मालकाच्या मुलीचे लग्न तोंडावर होते आणि गावातला एकही वादक जायला तयार नव्हता. व्यवस्थापकाने माझ्या पतींना निरोप पाठवला: लग्नात वाजवा, दवाखान्याचे दार उघडते. त्यांनी मला विचारले नाही. विचारले असते तर मी काय म्हटले असते, हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचे सोंग मी मरणाच्या दारातही करणार नाही.

त्या सकाळी आम्ही गेटवर हातात हात अडकवून साखळी करून उभे होतो. माझा डावा हात भावजींच्या हातात होता. समोरून माझे पती आले. पाठीवर अकॉर्डियन, खांद्यावर मुलगी. तिचा श्वास लांबून ऐकू येत होता. काचेवर चाक घासताना पाणी कमी पडले की जसा आवाज येतो, तसा. मागे खर्ज वाजवणारे आणखी तिघे होते. माणसे ओरडायला लागली. कोणीतरी दगड उचलला.

माझ्यासमोर येऊन ते थांबले. मला एक शब्द बोलले नाहीत. भावजींना म्हणाले, "तुझाही दे. दोघांना नेतो."

"माझं मी बघेन," भावजी म्हणाले.

"बघायला वेळ कुठंय रे?"

भावजींनी नकारार्थी मान हलवली. माझे पती पुढे सरकले. साखळी तिथेच तुटायला हवी होती, आणि ती माझ्या हातून तुटत नव्हती. माझी बोटे दगड झाली होती. आई असून मी उभी होते.

गाव आजवर म्हणत आले की शेवटी आईचा हात सुटला. मी कधी खोडून काढले नाही, कारण भावजींची तशी इच्छा होती. ती इच्छा त्यांनी शब्दांत सांगितली नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. आज मी ते खोडते. हात मी सोडला नाही. भावजींनी सोडला. त्यांनी माझी बोटे आपल्या बोटांतून एकेक करून मोकळी केली आणि एक पाऊल मागे घेतले. त्या फटीतून माझी मुलगी आत गेली.

ती वाचली. त्यांचा मुलगा चौथ्या दिवशी गेला.

लग्नात माझ्या पतींनी काय वाजवले? जे सांगितले ते. कोणतीही बहादुरी केली नाही. घरी आले, हात धुतले आणि मुलीच्या उशाशी बसायला परत दवाखान्यात गेले.

पुढच्या बैठकीत भावजींनीच ठराव मांडला की लग्नात वाजवणाऱ्या चौघांना मंडळातून काढावे आणि त्यांनी खालच्या खोलीत पाऊल ठेवू नये. वडिलांच्या मागे चालक मी झाले होते, म्हणून नावे मी वाचली. माझ्या पतींचे नावही वाचले. ठराव बहुमताने झाला होता आणि संप आमचाच होता. कोण बरोबर आणि कोण चूक, हा निवाडा मी करत नाही. जो वाजवायला गेला, त्याला मी समजू शकते. जो गेला नाही, त्याला गावाने डोक्यावर घेतले आणि त्याच्या घरी जेवणाचा एक पाट रिकामा राहिला. त्याचीही बाजू मला कळते. दोघांच्या मध्ये उभे राहून माझे आयुष्य गेले.

कलम ६. खर्ज गेल्यावर पाळीची चाल अर्धी राहिली. मंडळाने अंदाजाने दुसरा खर्ज बसवला. ऐकणाऱ्याला तो खपतो. मला तो उसन्या चपलेसारखा लागतो.

माझे पती आपल्याच घरात मागच्या जिन्याने वर जायचे. दर रविवारी माणसे पांगली की मी खाली वाद्ये झाकायला थांबायचे आणि झाकण्याआधी पाळीची चाल एकदा वाजवायचे, फक्त वरचा आवाज. एका रविवारी वरच्या बंद खोलीतून खर्ज आला. मी थांबले नाही. तेही थांबले नाहीत. मध्यावर दोन्ही भेटले आणि ओलांडून गेले. वर जाऊन मी ताटे मांडली. जेवताना आम्ही आमटीत मीठ कमी पडल्याबद्दल बोललो. त्यानंतर ते आजारी पडेपर्यंत बहुतेक रविवारी असेच झाले, आणि आम्ही दोघांनी एकदाही त्याचा उच्चार केला नाही. संसार म्हणावा तर चांगला झाला. बोलण्यासारखे तेवढे राहून गेले.

ते गेल्यावर काही दिवसांनी मी बाजारातून आले तर खालच्या खोलीतून पूर्ण चाल ऐकू येत होती. दाराशी गेले. कन्या वाजवत होती. उजव्या हाताने माझा आवाज, डाव्या हाताच्या बटणांवर तिच्या वडिलांचा.

"कुठं शिकलीस?"

"जिन्यात बसायचे ना मी," ती म्हणाली. "मधल्या पायरीवर दोन्ही सारखंच ऐकू यायचं."

म्हणून लिहून देते: घराचा वरचा मजला चिरंजीव आणि कन्या यांना समान. खालची खोली, त्यातली वाद्ये, खुर्च्या आणि भिंतीवरचे वडिलांचे छायाचित्र यांसह, एकट्या कन्येला. तिने तिथे मंडळ चालवावे आणि पाळीची चाल दोन्ही आवाजांत शिकवावी. शिकायला जो येईल त्याला. रक्ततपासणीच्या लॅबमधली नोकरी सोडून हे करू नये. चाल पोट भरत नाही. कोणीही आले नाही, तरी रविवारी खोली उघडावी. ज्या दिवशी तिला स्वतःला कंटाळा येईल, त्या दिवशी विकावी, आणि आईच्या आत्म्याला काय वाटेल वगैरे मनात आणू नये. "तू या खोलीत का?" असे तिला कोणी विचारले, तर तिने कलम पाच वाचून दाखवावे. ती आत आली ती हात सोडला म्हणून, आणि तो हात मंडळाच्या चिटणिसांचा होता.

कलम ७. माझ्या पतींच्या अकॉर्डियनचा लाकडी सांगाडा भावजींनी घडवला होता, मैत्रीच्या दिवसांत. ते वाद्य त्यांना द्यायचे मी लिहिले होते. पण वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मी त्यांना या कागदाने काहीही देत नाही. वाद्य आज सकाळीच हातगाडीवाल्याबरोबर त्यांच्या घरी पाठवले आहे. त्यांना ते फोडायचे असेल तर फोडावे. त्यांचेच लाकूड आहे.

कलम ८. मला निरोप देताना कोणी वाजवू नये. वाजवणाऱ्याला हुंदका आला की भाता सुटतो, आणि बेसूर ऐकून घ्यायची मला सवय नाही.

हे सारे मी स्वतःच्या हाताने लिहिले. वकीलबाईंनी दोन ठिकाणी शब्द सुचवले, एका ठिकाणी रुमाल काढला. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, असे त्या सांगतात. दुसऱ्या साक्षीदाराने मात्र वाचावा, अशी माझी अट आहे. त्यांनाच का बोलावले, असे कन्येने विचारले. त्या सकाळी माझ्या डाव्या हाताला दुसरे कोणी नव्हते.

स्थळ: राहते घर, वरची खोली.
दिनांक: चौदा ऑक्टोबर, शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

लिहून देणार: (सही) नक्षीखात्यातील निवृत्त कामगार, मंडळाची चालक.

साक्षीदार पहिला: (सही) वकीलबाई. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) साच्याखात्यातील निवृत्त कारागीर, मंडळाचे चिटणीस. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. मजकूर दोनदा वाचला. कलम पाच मला मान्य नाही. तो हात माझा नव्हता. बाकीच्या कलमांना माझी हरकत नाही.