पहिली पन्नास पानं संथ

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
८ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप सीतारामदादा यांस,
रुक्मीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, वहिनीची साखर आणि मागच्या पडवीतली गाय, तिघांची चौकशी एका दमात करते, कारण जूनपासून तू माझा फोन घेत नाहीस आणि एकेकाची वेगळी चौकशी करायला मला वेळ नाही. आम्ही इकडे बरे आहोत. ह्यांची सर्दी ह्यांच्यासारखीच आहे, बसली की उठत नाही. गणपतीला तू बोलावलं नाहीस. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी गणपतीत विक्रोळीला होते. एकवीस मोदक केले, देवाला दाखवले आणि आम्ही दोघांनी बसून संपवले (चांगले झाले होते, उगाच खोटं कशाला लिहू). पण एकविसाव्या मोदकापर्यंत मी फोनकडे बघत होते, हेही खरं.

फोन घेत नाहीस म्हणून पत्र. शिवाय आमचे सर म्हणतात, दहावीच्या पेपरात पत्र येतं आणि त्याला गुण असतात, तेव्हा सराव करा. होय, मी दहावीला बसते आहे, शेहेचाळिसाव्या वर्षी. सतरा नंबरचा फॉर्म म्हणून असतो, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. तो ह्याच महिन्याच्या एकतीसला बंद होतो. सगळे कागद जमले, एक सोडून. तो नसेल तर फॉर्म घेत नाहीत, आणि पुढच्या वर्षी मी बसणार नाही, कारण पुढच्या वर्षापर्यंत बीजगणित डोक्यात राहणार नाही. आत्ताच सांडतंय. त्या कागदाचं खाली लिहिते. आधी तुझ्या देवेशचं निस्तरते, नाहीतर तू हे पत्र इथेच ठेवशील.

हे सगळं कादंबऱ्यांपासून सुरू झालं. मी पोळीभाजी केंद्रात सकाळी सहा ते अकरा चपात्या लाटते हे तुला ठाऊक आहे. कणीक मुरायला ठेवली की वीस मिनिटं हात रिकामे. समोर चंद्रप्रकाशचं रद्दीचं दुकान आहे. त्याच्याकडे प्रेमाच्या कादंबऱ्या येतात, जाड, कव्हर फाटलेल्या. पहिली वाचायला मला दीड महिना लागला. एकेक अक्षर लावत वाचत होते, कारण सातवीनंतर मी केरोसीनच्या रेशनकार्डापलीकडे काही वाचलेलं नव्हतं. पाचवीला आठवडा लागला. आता कणीक मुरेपर्यंत तीस पानं होतात (आणि कधी कधी कणीक जास्त मुरते). वाचून झाली की शेवटच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीनं दोन ओळी लिहायचे, पुढच्या बाईची फसगत नको म्हणून. नायक काय काम करतो, सासू कशी आहे, कंटाळा कुठे येतो, शेवट कसा. प्रेम वगैरे असतंच, ते लिहायची गरज नाही. पण नायक दोनशे पानं नुसता समुद्राकडे बघत असेल आणि नोकरीचं नाव नसेल, तर बाईनं आधी कळून घ्यायला नको का? हळूहळू बिल्डिंगमधल्या बायका आधी शेवटचं पान बघायला लागल्या. शेजारची दीप्ती कॉम्प्युटर शिकते. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, काकी, ह्याची वेबसाइट करू. केली. मला फोनवरून लिहायला शिकवलं. रकाने तिनं पाडून दिले, मी भरायचे. साडेतीनशे कादंबऱ्या झाल्या. लोक वाचतात, नागपूरहून एका बाईनं आभार मानले.

मग मला त्याची सवयच लागली. दुसरी वेबसाइट मी डब्यांची काढली, बिल्डिंगमध्ये कोणाचा डबा कोणाच्या घरी राहिलाय त्याची. ती आठ दिवसांत बंद करावी लागली, कारण सगळ्यांना कळलं कोणाचा डबा कोणाच्या घरी राहिलाय. त्यात माझा काही दोष नाही.

दीप्तीच म्हणाली, एवढं वाचतेस तर दहावी दे. मी दुपारच्या वर्गात जाऊन बसले. पालिकेच्या शाळेच्या खोलीत दोन ते चार, आम्ही अकरा बायका आणि एक रिटायर वॉचमन. मिहिरसर शिकवतात. पोरगेला माणूस, पण खडूस आहे, त्यामुळे बरा. त्यांचा एकच हट्ट, रकाना रिकामा सोडायचा नाही. येत नसेल तरी लिहा, रिकाम्या जागेला शून्य. हे त्यांनी आमच्या डोक्यात इतकं घातलंय की मी परवा बँकेच्या स्लिपवर जिथे ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’ लिहिलं होतं तिथेही काहीतरी भरून आले. सराव परीक्षेत कवितेचं रसग्रहण आलं होतं. मी लिहिलं, कवी एकच गोष्ट चार वेळा सांगतो, दोनदा चाललं असतं. शेवटचं कडवं खरं आहे, तेवढंच ठेवावं. चारपैकी एक गुण मिळाला. सर म्हणाले, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण कविता कशी आहे असं बोर्ड विचारत नाही, कविता का आवडली असं विचारतं. मी म्हटलं, आवडली नाही तर? ते म्हणाले, तरी का आवडली ते लिहायचं. हे मला अजून जमत नाही, आणि माझ्या सगळ्या भानगडींचं मूळ तिथेच आहे.

आता मंडळाचं. मे महिन्यात घाटकोपरला आपल्या ग्रामस्थ मंडळाची सभा होती. अध्यक्ष नंदकिशोर म्हणाले, गावची लग्नाची मुलं मुंबईभर पसरली आहेत, कोणाला कोणाचा पत्ता नाही, एक वधूवरांची वेबसाइट पाहिजे. रुक्मिणीवहिनींना येतं ना ते. मी हो म्हटलं. दीप्तीची परीक्षा चालू होती. तिनं घाईघाईत माझ्या कादंबऱ्यांच्या पानाचीच नक्कल करून दिली आणि म्हणाली, रकाने मी परीक्षेनंतर बदलते, तोपर्यंत तू नुसती मुलांची नावं घालून ठेव. दादा, ह्यात माझी चूक कुठे झाली ते नीट समजून घे. समोर रकाने होते. नायकाचं काम, सासू, कंटाळा कुठे येतो, शेवट, वाचावं का. मला रकाना रिकामा सोडता येत नाही. देवेश धरून एकोणीस मुलं होती, एकोणीसही माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. मी एका बैठकीत सगळे रकाने भरले. नंदकिशोरांच्या मुलापुढे मी लिहिलं: सासू स्वयंपाकघर सोडणार नाही, कंटाळा तो गाडीबद्दल बोलायला लागला की येतो. एकाच्या कामापुढे लिहिलं: सांगतात ते नाही. बाकीचंही असंच, साधं. नंदकिशोरांनी न वाचता ती मंडळाच्या ग्रुपवर पाठवली. ग्रुपवर चारशे बारा माणसं आहेत.

सभा बोलावली. सगळे ओरडले. मी एवढंच म्हटलं की ह्यातलं खोटं काय आहे ते सांगा, आत्ता खोडते. सगळे पुन्हा ओरडले. पान काढून टाकलं. मंडळाचा हळदीकुंकवाचा हॉल ठरवायचं काम माझ्याकडे होतं, तेही काढलं. ते मी सोसलं. मग संध्याकाळी तुझा फोन आला. तू एकच वाक्य बोललास.

“तुका माझोच झील गावलो?”

आणि ठेवलास. तेव्हापासून चार महिने झाले.

मी तुझ्या मुलाबद्दल, देवेशबद्दल, काय लिहिलं ते तुला लोकांनी तिखटमीठ लावून सांगितलं असणार, म्हणून जसंच्या तसं उतरवते. काम: मुलुंडला पॅथॉलॉजीत रक्त काढतो, हात हलका, पोरंसुद्धा रडत नाहीत. सासू: गावाला असते, चांगली आहे, लांब असल्यानं आणखी चांगली. कंटाळा कुठे येतो: शर्टाचा रंगसुद्धा वडिलांना फोन करून विचारतो. शेवट: खोटं बोलता येत नाही, त्यामुळे गोड व्हावा. वाचावं का: वाचावं, पण पहिली पन्नास पानं संथ आहेत.

दादा, मी त्याला तो अकरा महिन्यांचा असल्यापासून ओळखते. वहिनीची रजा संपली, तुम्हा दोघांना कामावर जायचं होतं आणि पोराला बघायला कोणी नव्हतं म्हणून तू मला गावाहून मुंबईला आणलंस. सातवीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी त्याला मऊ भात भरवला, त्याची पहिली पावलं माझ्याकडे टाकली त्यानं, तू कामावर होतास. तेव्हाही तो असाच होता. घास तोंडात घेऊन विचार करत बसायचा, गिळू की नको. मला घाई असायची, त्याला नसायची. हे मी रागानं लिहिलेलं नाही. चौतीस वर्षांचा झालाय, सतरा मुली बघितल्या, आणि दरवेळी ‘बाबांना विचारून सांगतो’ म्हणून सतराही गेल्या. हे कोणीतरी लिहायला पाहिजे होतं. पण चारशे बारा माणसांसमोर लिहायला नको होतं, तुला एकट्याला लिहायला हवं होतं. तेवढ्या चुकीची मी माफी मागते. बाकीची नाही, कारण बाकीची चूक नाही.

आणि आता जे तुला कोणी सांगितलेलं नाही ते. सभा झाली त्याच आठवड्यात मला एका मुलीचा फोन आला. अक्षता, वरच्या वाडीतल्या दादू मेस्त्रींची नात, घाटकोपरला राहते, एका हॉस्पिटलात रेकॉर्ड सांभाळते. माझी कादंब‍ऱ्यांची वेबसाइट ती आधीपासून वाचायची. तिनं नमस्कार केला आणि सरळ विचारलं.

“काकी, पन्नास पानं म्हणजे अंदाजे किती महिने?”

मी म्हटलं, चार. धीर नसेल तर दुसरीकडे बघ. ती म्हणाली, मला हातात घेतलेलं अर्ध्यावर टाकायची सवय नाही. (ही सवय चांगली की वाईट ते मला सांगता येत नाही, मी बावीस कादंबऱ्या अर्ध्यावर टाकल्या आहेत.) दोघं भेटतात. पहिल्या भेटीत तो कोकम घ्यावं की लिंबू सरबत ह्यावर इतका वेळ बसला की ज्यूसवाल्यानं दोन्ही दिली. तिनं घाई केली नाही. मला ह्या मुलीचं कौतुक वाटतं, मला जमलं नसतं. मागच्या रविवारी त्यानं तुला न विचारता शर्ट घेतला. रंग वाईट आहे. पण घेतला. पुढे काय होईल ते मी लिहिणार नाही, आणि ह्यावेळी रकाना रिकामा सोडते आहे.

वहिनीला नमस्कार, गायीला चार पेंढ्या जास्त, बाकी वाडीत ज्याला जे द्यायचं ते तू माझ्या वतीनं दे.

तुझी धाकटी बहीण
रुक्मी

ता. क. देवेश तुला अक्षताबद्दल स्वतः सांगणार आहे. तेव्हा तुला आधी काहीच ठाऊक नव्हतं असं दाखव. त्याला बोलायला वेळ लागेल, मधे हुं हुं करू नकोस, तो थांबतो.

ता. क. २. राहिलेला कागद म्हणजे माझा शाळा सोडल्याचा दाखला. तो आपल्या गावच्या शाळेत आहे, त्या वेळी कोणी घेतलाच नाही. सोबत माझा अर्ज आणि आधारची प्रत जोडली आहे. मी स्वतः आले असते, पण केंद्रात चपात्यांना दुसरी बाई नाही आणि वीस तारखेपासून आमच्या चाचण्या आहेत. रजिस्टरात पालक म्हणून तुझी सही आहे, तू गेलास तर लगेच देतील. शाळा उतारावर आहे, गुडघ्यांना जाताना त्रास नाही. येताना रिक्षा कर.

ता. क. ३. हे लिहावं की नाही ह्यात पोस्टाची एक वेळ चुकवली. मी शाळेत फोन केला होता. मुख्याध्यापिकाबाई चांगल्या आहेत, त्यांनी रजिस्टर शोधून मला वाचून दाखवलं. प्रगती, समाधानकारक. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचे कारण, मुलीस अभ्यासाची गोडी नाही. मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. ती नोंद बदलता येत नाही, जशी आहे तशीच उतरवून देतात. मी म्हटलं, द्या. तू सव्वीस वर्षांचा होतास, मास्तर समोर पेन घेऊन बसलेले आणि काहीतरी सांगायला हवं होतं, हे मला कळतं. चौतीस वर्षांच्या देवेशचा बाप म्हणून तुला राग आला, तोही कळतो. दाखला हातात आला की ती ओळ तू वाचशीलच, तिथे एकट्यानं वाचण्यापेक्षा माझ्याकडून आधी कळलेली बरी. बाईंशी वाद घालू नकोस, त्यांचा काही संबंध नाही. नवा, कडक कागद असेल. घडी न घालता पाठव.