तोकड्या पायाचा अकरा

४ सप्टेंबर

लिही. हॉकी क्लबचा सेक्रेटरी आला होता. बूट दाराबाहेर काढले, आवाज मात्र घालूनच आत आला. "काका, लीगनं ठरवलंय — तुमचा अकरा नंबर निवृत्त करायचा! आपल्या क्लबात, मुलांच्या काय नि मुलींच्या काय, कुठल्याच संघात आता तो कुणी घालायचा नाही. कायमचा."

हे खुर्चीतून उठले. गुडघा धरून परत बसले. तेवढ्यात "छे छे, कशाला" म्हणून झालं. कान मात्र लाल.

मी विचारलं, नंबर निवृत्त झाला की करतो काय? चहात साखर किती घालायची यावरून बायकोशी भांडतो का?

"काकू, मोठा मान असतो तो."

भिंगरी पाणी घेऊन आली होती. माझी नात, एकोणीस वर्षांची. त्याच क्लबात मुलींच्या संघात खेळते आणि तिच्याही पाठीवर अकराच आहे, सहा वर्षं झाली. ट्रे ठेवला नि आत गेली. एरवी तोंड मिटत नाही या मुलीचं.

हो, तुझ्याबद्दलच सांगतेय. लिही मुकाट्यानं.

५ सप्टेंबर

या वहीचा करार असा. मला अक्षर येत नाही. भिंगरीला डोक्याला तेल लावून हवं असतं. ती माझ्या पुढ्यात खाली बसते, वही मांडीवर. मी तेल लावते नि बोलते, ती लिहिते. वेणी माझ्या मुठीत असते, म्हणून शब्द इकडचा तिकडे होत नाही.

६ सप्टेंबर

आज खोदून विचारलं तेव्हा कळलं. क्लबात तिला सांगितलंय, नव्या हंगामासाठी दुसरा नंबर निवड. मोकळे आहेत ते अठ्ठावीसपासून पुढचे. आजोबांना बोललेली नाही. "किती खूश आहेत गं ते. शीळ घालत दाढी करतात."

खरं आहे. दहा वर्षांनी ऐकली मी ती शीळ. अजून बेसूरच आहे.

"अठ्ठावीस वाईट का?"

"वाईट नाही. माझा नाही."

सहा वर्षांपूर्वी तो अकरा कुणालाच नको होता. घातला की यांच्याशी तुलना व्हायची. हिनं मागून घेतला. तेव्हा ती हॉकीच्या काठीपेक्षा जेमतेम वीतभर उंच होती.

तेल जरा जास्त ओतलं. दुसरं काय करणार.

८ सप्टेंबर

वार्ताहर आला. हे नवा शर्ट घालून तासभर आधीच तयार. "अंतिम सामन्यात मी तीन गोल मारले." मागच्या वर्षीपर्यंत दोन होते. चालायचंच. वयाबरोबर साखर वाढते, तसे गोलही वाढतात.

अकराच का, असं त्यानं विचारलं. "मीच कप्तानाला म्हटलं, मला शेवटचा नंबर द्या. शेवटच्या माणसावर सगळा भार असतो." वार्ताहरानं भराभर उतरवून घेतलं. मी आत भांडी जरा जोरात ठेवली.

९ सप्टेंबर

आता खरं काय ते. बावन्न वर्षांत कुणाला सांगितलं नाही, या वहीला सांगते. लिहिणारीनं तोंड उघडलं तर वेणी कापीन.

लग्नाला तीन महिने झाले होते. संघाला निळ्या जर्सी आल्या, कोऱ्या. नंबर शिवायला कप्तानानं त्या माझ्याकडे टाकल्या — नवी नवरी, नाही कशी म्हणणार. एका कागदावर एक ते अकरा इंग्रजी आकडे काढून दिले. मला एकही वाचता येईना. मी नुसते आकार पाहिले. पांढऱ्या पट्टीची एक गुंडाळी होती. बाकदार मानेच्या दोनाला, दोन पोटांच्या तिनाला, आठाच्या वेटोळ्यांना (त्यांची नावं मला नंतर कळली) इतकी पट्टी गेली, की गुंडाळी बोटाएवढी उरली. एकच काठी होती ती गोलकीपरची ठरलेली. मग बाकीच्यांत सगळ्यात कमी खाणारा आकार, दोन सरळ काठ्या, तो घरच्या माणसासाठी मागं ठेवला. घरच्याला उरलेलं. त्यातही दुसरी काठी बोटभर कमी पडली. आखूडच शिवली.

यांनी कधी पाहिलं नाही. स्वतःच्या पाठीवरचं कुणाला दिसतं?

तेव्हा शेवटचा माणूस नाही नि भार नाही. पट्टी संपली होती.

११ सप्टेंबर

क्लबाला ती मूळ जर्सी हवी आहे. काचेच्या पेटीत टांगणार. हे सकाळपासून घर उपसताहेत. माळा झाला, ट्रंक झाली, मग पलंगाखाली शिरले. त्यांना बाहेर काढायला आम्ही दोघी लागलो.

"अगं, ठेवलीस कुठं?"

"असेल इथंच." खोटं नाही बोलले.

जर्सीच्या पुढच्या भागानं मी कधीच्या काळी खिडक्या पुसल्या. पाठीच्या भागाची खोळ शिवली, गरम पाण्याच्या पिशवीला. उलटी करून, पट्ट्या आतल्या बाजूला. रोज संध्याकाळी ती यांच्या गुडघ्यावर असते. आज जर्सी शोधून शोधून गुडघा ठणकायला लागला, तेव्हा तीच खोळ बांधून बसले आणि मला म्हणाले, "तुला कशाची किंमतच नाही."

भिंगरी तोंडावर हात ठेवून बाथरूममध्ये पळाली.

खरं सांगून टाकावं का? नको. माणूस इतक्या वर्षांनी शीळ घालतोय.

१३ सप्टेंबर

नवीन जर्सी शिवली, जुनी. निळं कापड चहाच्या पाण्यात बुडवलं, गच्चीवर उन्हात टाकलं, विटेवर घासलं. हे विचारायला आले तर सांगितलं, पायपुसणं करतेय. पट्ट्या भिंगरीनं मापल्या, फूटपट्टी लावून. जो अकरा तिचा अकरा घेऊन जाणार, तो तीच टाचत बसली होती. सुईत दोरा ओवून दे म्हटलं, तर दोनदा चुकला. एकोणीस वर्षांच्या डोळ्यांना काय झालं, ते मी विचारलं नाही.

१४ सप्टेंबर

जेवताना वाद. मीच उकरून काढला. म्हटलं, "अहो, कुणी काही चांगलं चालवलं म्हणून ते टांगून ठेवायचं, तर माझा कालथाही टांगा. बावन्न वर्षं चालवलाय. खाली पाटी लावा, हा यापुढे कुणी वापरायचा नाही. मग बघते उद्या काय जेवता."

"तुला खेळातलं कळत नाही. उद्या एखादा ठोंब्या अकरा घालून सोपा गोल चुकवेल. नाव कुणाचं जाईल?"

"ठोंब्याचं."

"माझं जाईल."

भिंगरी ताटात बघत होती. मागच्या रविवारी तिचा एक गोल चुकला होता. यांना ठाऊक नव्हतं. की होतं?

मग तीच हळूच म्हणाली, "पलीकडच्या क्लबनं इतके नंबर टांगलेत, आजोबा, की त्यांची गोलकीपर एकशे चार घालते." मी हसले. हे नाही हसले.

१६ सप्टेंबर

जर्सी "सापडली". ट्रंकेच्या तळाशी, जिथं यांनी तीनदा पाहिलं होतं. यांनी ती हातात घेतली, पाठ उलटून पाहिली, वास घेतला. दोन्ही काठ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हीच."

चला, फसले.

१७ सप्टेंबर

आज शीळ नाही.

२० सप्टेंबर

झाला एकदाचा समारंभ. क्लबच्या हॉलात पंखा एकच, तोही सेक्रेटरीच्या डोक्यावर, म्हणून त्याला भाषण संपवायची घाई नव्हती. मागच्या रांगेतला पंच शेवटी खिशातली शिट्टी चाचपायला लागला. पडदा ओढला. काचेत माझी चहातली जर्सी. टाळ्या. भिंगरी भिंतीशी उभी, हात पाठीमागं.

मग यांच्या हातात माइक. मी मनात म्हटलं, आता चार गोल.

हे म्हणाले, "अकरा मी मागितला नव्हता. आमचे नंबर हिनं शिवले. सगळ्यांचे शिवून होईतो पट्टी संपत आली. दोन सरळ तुकडे उरले, ते माझ्या पाठीवर आले. उरलेलं मिळालं, ते मी चालवलं. उरलेलं कुणी काचेत कोंडतं का? ज्याला पेलेल त्यानं घालावा. सहा वर्षांपूर्वी तो घालायची कुणाची छाती होत नव्हती, तेव्हा एका पोरीनं मागून घेतला. आता माझ्या नावावर तिच्या पाठीवरून काढू नका." थांबले. "आणि गोल दोनच होते."

हॉल हसला. सेक्रेटरी हसावं की नाही म्हणून लीगच्या मोठ्या साहेबांकडे बघत होता. ते उठले, म्हणाले, जर्सी राहू दे पेटीत, नंबर राहू दे मैदानात. मग सेक्रेटरी सगळ्यात मोठ्यानं हसला.

कुणीतरी विचारलं, "काका, जर्सी अस्सल ना?"

"हिच्याच हातची आहे."

मी पदर सारखा केला. तो सारखाच होता.

२१ सप्टेंबर

पण यांना पट्टीचं कळलं कसं? वेणी हाताला दोन वेढे घेऊन विचारलं. भिंगरी म्हणते, "आजी, शपथ, मी एक अक्षर बोलले नाही." खरं बोलतेय असं वाटतं. मग काय, भिंतींनी सांगितलं?

२८ सप्टेंबर

भिंगरी सामन्याला परगावी गेलीय, अकरा घालून. लिहायला हे बसलेत. माझ्या पुढ्यात, बुटक्या स्टुलावर, गुडघ्याला खोळ. डोक्यावर तेल लावण्याजोगं काही उरलेलं नाही, तरी लावतेय.

म्हणतात, "वार्ताहर आला त्या दिवशी ही वही उघडली, माझ्याबद्दल काय चांगलं लिहिलंयस ते बघायला. काही सापडेना, म्हणून रोज शोधत राहिलो. तू दुपारी झोपलीस की." खोळीचं वाचलं, त्याच दुपारी तीही उलटवून पाहिली म्हणे. "काचेतल्या अकराचे पाय सारखे आहेत. माझ्याचा एक तोकडा आहे."

म्हणजे या घरात स्वतःपुरतं काही ठेवायचं, तर माझं मलाच लिहायला हवं. म्हटलं, शिकवा. पेन माझ्या हातात दिलं. "आधी एक उभी रेघ ओढ."

ओढली.

"एक म्हटलं होतं मी."

"मला दोनच येतात."

दुसरी तोकडी आली.