नीलव्वांचा न झालेला प्रयोग

प्रति,
मा. जिल्हा रंगमंदिर व्यवस्था अधिकारी,
जिल्हा कार्यालय, खोली क्र. ९ (जिन्याखाली).

विषय : मरडीहाळ येथील कलावती श्रीमती नीलव्वा बाळीकाई यांचा प्रयोग अद्याप झालेला नाही, असे लेखी व शिक्क्यानिशी कळविण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपले ६ जानेवारीस मिळालेले उत्तर. (पाकीट एकदा उघडून पुन्हा चिकटवलेले होते.)

महोदय,

१. खाली सही करणार गुरुसिद्धप्पा हादिमनी, वय ७४, राहणार मरडीहाळ, रंगमंदिरासमोर. मी एकोणचाळीस वर्षे नाटक कंपन्यांच्या तंबूच्या दारावर तिकिटे फाडली. माणूस तिकीट काढून आला की कनातीखालून, हे त्याच्या गुडघ्यावरच्या मातीवरून सांगतो. संशय हा माझा स्वभाव नसून धंदा आहे. तरी पुढील मजकुराचा राग मानू नये.

२. आमच्या गावच्या जत्रेला शेवटची कंपनी येऊन सात वर्षे झाली. आता जत्रेत फक्त भोंगे येतात. गावात चार मंगल कार्यालये, अकरा मोबाईलची दुकाने व एक रंगमंदिर आहे. रंगमंदिरातील सहाशे खुर्च्यांपैकी एकीचेही प्लास्टिक निघालेले नाही. कुलूप मात्र दर दिवाळीला नवे असते. नाटक म्हणजे काय, असे शेजारच्या मुलांना विचारले असता, शाळेला दांडी मारायला पोट धरून करतात ते, असे उत्तर मिळाले. संध्याकाळ झाली की माणसे आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसतात. साहेब, अशा गावात जीव गुदमरतो. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता खिडकीतील बाई म्हणाल्या, "तुमच्या गावात कलाकारच नाहीत, उघडून काय कबुतरं पाळायची?" कबुतरे आत आहेतच, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांनी खिडकी लावली.

३. सबब कलाकार दाखविणे भाग पडले. श्रीमती नीलव्वा, वय ८१, या कंपनीत खाष्ट सासूचे काम करीत. खेळ सुटल्यावर बायका त्यांना तंबूमागे गाठून खरोखरीच्या शिव्या देत, एवढे ते काम उत्तम होते. मोतीबिंदूमुळे आता दिसत नाही, आवाज मात्र खणखणीत आहे. मी पहिला अर्ज केल्यापासून त्या रोज संध्याकाळी अंगणात तालीम करू लागल्या. समोर सून नसल्याने शेजारच्या म्हशीला उभे करीत व "कुणाच्या घरची गं तू, तोंड वर करून चालतेस?" असे दरडावीत. म्हैस मान खाली घालत असे. हे मी स्वतः पाहिले आहे.

४. तिसऱ्या अर्जाला आपले उत्तर आले की, सदर कलावतीचा प्रयोग मरडीहाळ रंगमंदिरात १४ नोव्हेंबर रोजी पार पडला, ४१२ प्रेक्षक उपस्थित होते, शाल देऊन सन्मान झाला. एका कलाकारास पाच वर्षांत दुसरा प्रयोग देता येत नाही, म्हणून प्रकरण बंद करण्यात येत आहे. सोबत दोन फोटो.

५. १४ नोव्हेंबरला मी दिवसभर माझ्या ओट्यावर होतो. रोजच असतो. तरीही प्रथम संशय मी स्वतःच्या डोळ्यांवर घेतला, व नंतरच आपल्या फोटोंवर. प्रेक्षकांच्या फोटोत एकही मूल नाही. कडेवर मूल नसलेली ४१२ माणसे नाटकाला आली, हे मी मेलो तरी मानणार नाही. प्रत्येकाच्या मांडीवर एकसारखी पिवळी फाईल आहे. खुर्च्या लाल आहेत, आमच्या निळ्या आहेत. सगळेजण मान खाली घालून लिहीत आहेत. माझ्या मते ही निवडणुकीच्या कामाची शिकवणी आहे.

६. दुसऱ्या फोटोत रंगमंचावर शाल पांघरलेली एक म्हातारी असून तिचे तोंड हाराने झाकलेले आहे. याबाबत रंगमंदिराचा राखणदार फकीरप्पा यास विचारले असता तो आधी तंबाखू मळत राहिला, मग म्हणाला, "अण्णा, ती माझी सासू आहे. साहेब म्हणाले, फोटोपुरती एक म्हातारी आण. आणली. शाल परत घेतली बघा, लाडू तेवढे ठेवू दिले." सासूच्या भूमिकेसाठी आपण निदान सासूच निवडली, याची मी नोंद घेतो.

७. आता लिहिण्यास लाज वाटते असे लिहितो. मला नीलव्वांचाही संशय आला. मला न सांगता त्या मागल्या दाराने जाऊन खेळ करून आल्या की काय? धंद्याची खोड जात नाही. मी त्यांच्या घरी जाऊन आपले उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखविले. शिक्का आहे का, असे त्यांनी विचारले. मी त्यांचे बोट धरून शिक्क्यावर फिरविले. मग म्हणाल्या, "गुरुसिद्धा, खुर्च्या किती भरल्या होत्या म्हणालास?" मी सांगितले, चारशे बारा. "वन्स मोअर मिळाला?" मी म्हटले, "नीलक्का, हे खोटं आहे, ती फकीरप्पाची सासू आहे." त्या म्हणाल्या, "शाल कोणत्या रंगाची?" निळी, म्हटले. "मला निळी शोभायची," म्हणाल्या.

८. महोदय, त्यांची आठवण अलीकडे दगा देते. कालचे जेवण विसरतात. कंपनीत त्यांनी आयुष्यभर खेळाच्या परवान्यावरचा शिक्का पाहूनच गाव सोडले, शिक्का पाहूनच गावात पाऊल टाकले. शिक्क्याचा कागद खोटा असू शकतो, हे त्यांना पटत नाही. आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगतात, "प्रयोग झाला बाई माझा, चांगला झाला म्हणतात, मलाच आठवत नाही." आज बावीस दिवस झाले, अंगणात तालीम नाही. दार लावून बसतात. जेवणही कमी झाले आहे. उत्तर वाचून दाखविणारा मी, म्हणून अपराध माझाही आहे, आणि तो मला सहन होत नाही.

९. म्हणून मागणे बदलत आहे. मला चौकशी नको. फकीरप्पाची नोकरी जाऊ नये. रंगमंदिर उघडले नाही तरी चालेल. नीलव्वांसाठी मी माझ्या ओट्यावर कनात बांधतो, माणसे मी जमवितो, लेकुरवाळ्या आधी बोलावितो. परंतु झालेला प्रयोग पुन्हा करायला त्या तयार नाहीत. त्यासाठी आपला शिक्का लागतो. वाऱ्याने तंबू पडला व खेळ अर्धवट सुटला, तर आम्ही दारावर फाटक्या तिकिटांमागे "पुढील खेळास चालेल" असा शिक्का मारून देत असू. त्यात कंपनीची चूक होती, असे कधीच कोणी म्हटले नाही. आपणही वारा आला होता असे लिहावे. वीज गेली लिहावे. वाटेल ते लिहावे, मी कोठेही तक्रार करणार नाही, असे या अर्जाद्वारे लिहून देतो. फक्त लवकर लिहावे. त्या ८१ वर्षांच्या आहेत.

आपल्यावर विश्वास ठेवू पाहणारा,

(सही)
गुरुसिद्धप्पा म. हादिमनी
मरडीहाळ, दि. २८ जानेवारी

सोबत :
१. आपले उत्तर व दोन फोटो (छायाप्रत, मूळ प्रत मी देणार नाही).
२. परतीचे पाकीट, माझ्या पत्त्याचे, तिकीट लावलेले.
३. एक कागद. त्यावर "श्रीमती नीलव्वा, आपला प्रयोग अजून व्हायचा आहे" एवढेच लिहिले आहे. शिक्क्यासाठी खाली जागा सोडली आहे. शिक्का जरा दाबून मारावा, म्हणजे बोटाला लागेल.