निरोपाची घोंगडी

रविवार, २८ जानेवारी १९९६

सकाळी आठला सुरतच्या डिंडोलीहून निघालो. चलथाणपर्यंत रिक्षा, पुढे उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर. बायकोने, म्हणजे उषाबाईंनी, दशम्या, तिळाची चटणी आणि तीन वेळा एकच वाक्य बांधून दिलं: या वयात लांडग्यांची चाकरी करायला निघालात. मी म्हटलं, बावीस वर्षं कापडाच्या लूमची केली, लांडगा निदान कान बधिर करत नाही.

जागा उत्तम आहे. चारी बाजूंना ऊस आणि मध्ये साठ-पासष्ट एकर गवती पडीक. त्याच्या कडेला ही मोटरखोली. आत दहा फूट बाय आठ, माथ्यावर काँक्रीटचा स्लॅब. दार अडीच फूट रुंद, सहा फूट उंच. दाराला पल्ला नाही, कोणी तरी काढून नेलाय, म्हणून मी गोणपाट लावलं. खिडकीला गज आहेत, दोन गजांत तीन इंच. मोटर केव्हाच गेली. तिच्या पायाचा खड्डा फळ्यांनी झाकलाय. त्यातून पाणी बाहेर जायचं, ते भोक अजून आहे.

संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं होतं, बिनदाराच्या खोलीत भीती नाही वाटणार? मी त्यांना सांगितलं की लांडगा माणसाच्या घरात शिरत नाही, हे मी चार पुस्तकांत वाचलंय, त्यातली दोन इंग्रजी. सातवी पास माणूस डिक्शनरी घेऊन इंग्रजी वाचतो हे त्यांना खरं वाटलं नसावं. मला नेमणारी ही प्राणिमित्र संस्था सगळी शिकलेल्यांची आहे, पण लांडगीचं बीळ शोधलं ते मी, दिवाळीच्या सुट्टीत, सायकलवर. म्हणून ही तीन महिन्यांची नेमणूक. काम एवढंच, बीळ राखायचं आणि रोज नोंद करायची. रोजनिशी माझी स्वतःची.

बुधवार, ३१ जानेवारी

बीळ खोलीपासून ४१२ पावलांवर, जुन्या पाटाच्या बांधात. तोंड सव्वा फूट. पिल्लं चार, साधारण पाच आठवड्यांची. एकाचा उजवा कान दुमडलेला. सकाळी साडेसातला बाहेर येतात, एकमेकांच्या शेपट्या ओढतात, आई आली की तिच्या तोंडाला लागतात. मी लूमवर तुटलेला धागा चार फुटांवरून ओळखायचो, त्यामुळे गवतातला कान मला दिसतो. इतरांना दिसणार नाही.

पडीकाच्या पलीकडच्या तोडलेल्या उसात मेंढ्या बसल्या आहेत. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ, दरवर्षी येतात. पाटीदारांच्या शेताला खत मिळतं, यांना धान्य मिळतं. त्यांच्या वाड्याचा, म्हणजे तळाचा, म्होरक्या धुडकू, पन्नाशीचा. सोबत त्याची आई सुंदरा आणि सून. मी अमळनेरचा म्हटल्यावर चहा झाला. लांडग्यांवर पगार मिळतो म्हटल्यावर धुडकूने चहाची कपबशी खाली ठेवली आणि हसून हसून डोळे पुसले. तेव्हापासून त्याच्या वाड्यात माझं नाव ‘लांडगास्ना मास्तर’.

रविवार, ४ फेब्रुवारी

धुडकूची गाभण मेंढी गेली. दोन कोकरं आधीच गेलेली. मी जागेवर गेलो, जखमा मोजल्या, पावलांची मापं घेतली. लांडगीच होती, ते लपवण्यात अर्थ नाही. भरपाईचा कागद आहे म्हणालो. धुडकूने विचारलं, कागद कोणत्या भाषेत? गुजरातीत. अंगठा कोणाचा? त्याचा. मेंढीचा फोटो चोवीस तासांत कोण काढणार? त्याची सून मेंढीच्या पोटातून काढलेलं मेलेलं कोकरू पदरात धरून बसली होती. ते मी नोंदवहीत लिहिलं नाही, इथे लिहितो.

दुपारी सेक्रेटरीसाहेब जीपने आले. २६ तारखेला वनखात्याचे मोठे साहेब येणार. डोळ्यांनी पिल्लं पाहिली तर पडीक राखीव करण्याचा कागद पुढे सरकेल. बीळ रिकामं निघालं तर पावसाळ्याआधी नांगर. म्हणाले, भाईदासभाई, सगळं तुमच्यावर. मी म्हटलं, लिहून देतो.

बुधवार, ७ फेब्रुवारी

बिळाच्या तोंडाशी घोंगडीचा तुकडा ठेवलेला आढळला. दोन फूट बाय दीड, काळी लोकर, एका कोपऱ्यात पांढरा दोरा, चार टोकांना मातीची ढेकळं. मुद्दाम ठेवलेली. लांडगी लांब उभी राहून वास घेत होती, पुढे येत नव्हती.

मेंढपाळांनी बिळाची खूण केली, आता धूर करून पिल्लं मारतील, हे उघड होतं. घोंगडी उचलून आणली. पुरावा म्हणून खोलीत खुंटीला टांगली आहे, खाली तारखेची चिठ्ठी. तासाभरात लांडगी पिल्लांपाशी परतली. प्लेगच्या साली अख्खं सुरत पळालं तेव्हा लूमच्या खात्याची किल्ली माझ्याकडे होती. माझ्या हाती दिलेली वस्तू कधी गेलेली नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

दुपारी जेवून उठलो तर उंबऱ्यावर दगड. काळा, ओबडधोबड, नारळाएवढा. गंमत म्हणजे ही सगळी काळी माती आहे, दोन कोसांत दगड नाही. मेंढपाळांचा खोडसाळपणा. उचलून बाहेर टाकला.

रविवार, ११ फेब्रुवारी

शुक्रवारी संध्याकाळी दोन, काल चार, आज सकाळपासून पाच. सगळे दिवसाउजेडी. पाऊल वाजत नाही. एकावर एक नीट बसवलेले, फटीत बोट जात नाही. गवंडी म्हणून मी या माणसाला कामाला ठेवलं असतं.

वाड्यावर जाऊन धुडकूला सरळ विचारलं. तो आधी चिडला, मग मी घोंगडीचं बोललो तसा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला,

“दगड आम्ही नई लावतस, भाऊ. आम्ही फक्त घोंगडी ठेवतस.”

पुढचं सुंदराबाईंनी सांगितलं. मेंढ्या आणि लांडगी एका शिवारात आल्या की पिल्लं मारायची नाहीत, अशी त्यांच्यात रीत आहे. तोंडाशी घोंगडी ठेवायची. तो निरोप. लांडगी वास घेते, दोन दिवसांत पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. मग ते तोंड बंद होतं. कोण बंद करतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या सासूनेही पाहिलं नव्हतं. घोंगडी जिथे, तिथलं तोंड बंद होतं, एवढंच ठाऊक. म्हणून ती कोणी हलवत नाही. नेऊन ठेव म्हणाल्या. दगड एका माणसाला हलतो तोवर उशीर झालेला नाही.

मी त्यांना समजावलं की २६ तारखेपर्यंत पिल्लं तिथून हलता कामा नयेत. निरोप पोचला तर बीळ रिकामं. धुडकू म्हणाला, मास्तर, तू लांडगीना निरोप घरमा टांगीसन बठा. नंतर कोणीच हसलं नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

लक्ष ठेवायचं ठरवलं. सकाळी नऊपासून दाराकडे तोंड करून बसलो. साडेदहापर्यंत काही नाही. नोंद करायला मान खाली घातली, दोन ओळी लिहिल्या, वर पाहिलं. दगड.

पुन्हा केलं. चार वेळा. पाहत असताना येत नाही. मान वळली की येतो. आवाज नाही, सावली नाही. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर उसाचे ट्रक, एकाच्या टपावर गाणं लागलेलं.

आज सात काढून टाकले. आठव्याला दोन्ही हात लागले. हे लिहिताना

हो, आला.

शनिवार, १७ फेब्रुवारी

घोंगडी परत ठेवायला निघालो. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं. ४१२ पावलं गेलो. पिल्लं बाहेर होती. दुमड्या कानाचं माझ्यापर्यंत आलं, बुटाची दोरी ओढली, पडलं, पुन्हा ओढली. आई वीस फुटांवर बसून पाहत होती. मी ओळखीचा झालो आहे.

नऊ दिवस उरलेत. आत्ता घोंगडी ठेवली तर सोमवारी बीळ रिकामं आणि जूनमध्ये इथे ऊस. साहेबांना काय दाखवू, रिकामं भोक? घोंगडी बगलेत मारून परत आलो.

वाटेत धुडकू भेटला. वाडा हलवतोय, बारडोलीकडे. निघायची वेळ झाली नव्हती तरी निघालाय. म्हणाला, चल आमच्यासोबत, तुझ्या बायकोला चिठ्ठी पाठवू. मी म्हटलं, २६ नंतर. त्याने माझ्या बगलेकडे पाहिलं आणि मेंढ्यांना हाक दिली.

दारातल्या दगडांची रांग आता गुडघ्यापर्यंत, काढून पुरत नाही. ओलांडून जातो-येतो.

मंगळवार, २० फेब्रुवारी

पाटाला पाणी सोडलं. जुना बांध फुटून बिळात शिरलं. पळत गेलो, बीळ भरलेलं, पिल्लं नाहीत, लांडगी नाही. चिखलात पावलं शोधली, पुढे पाणीच पाणी. संध्याकाळपर्यंत फिरलो. आता साहेबांना दाखवायला काही नाही. ज्यासाठी घोंगडी राखली ते गेलं.

आज खालचा एक दगड हलवून पाहिला. हलला नाही. ओला असेल, हात दमलेत.

बुधवार, २१ फेब्रुवारी

ओला नव्हता. पहार लावली. पहार वाकली.

घोंगडी बाहेर फेकली, शंभर पावलं लांब. परत आलो तर दोन दगड जास्त. कमरेच्या वर आलंय. घोंगडी आता कुठेही टाकून उपयोग नाही असं दिसतं. सुंदराबाईंना विचारायला हवं होतं. वाडा गेला.

लिहिणं कमी करतो. लिहिलं की मान खाली जाते.

उद्या सकाळी सामान घेऊन डिंडोली. सेक्रेटरीसाहेबांना तोंडी सांगेन. काय सांगेन ते बघू.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सकाळी ९.१०. आता रात्रीही आले. छातीपर्यंत. वर फट २० इंच. पुरेशी आहे. पिशवी भरली. पाय वर टाकला आणि खालून आवाज आला. फळ्यांखालून. कुंईकुंई.

पाण्याच्या भोकातून तिने पिल्लं इथे आणली आहेत. बीळ बुडाल्यावर. परवापासून माझ्या पायाखाली आणि मी पाणथळ तुडवत होतो. लांडगा माणसाच्या घरात शिरत नाही —

भोक पाहिलं. आतून हात घातला. बंद. दगड. फटीत बोट जात नाही.

९.३५. चारही आहेत. खड्डा अरुंद, खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, तोंड भिंतीकडे. चारही एकदम निघत नाहीत, आत सरकतात. खिडकीत घालून पाहिलं नाही, तीन इंच, कळतं. एकच वाट, दारावरची फट.

लांडगी बाहेर आहे. पाच फुटांवर. ओरडत नाही.

१०.०५. पहिलं काढलं. फटीतून खाली सोडलं. तिने मानेला धरून गवतात नेलं. पाठ वळवली तेवढ्यात दोन दगड. फट १४. मला अजून जाता येईल. पोट आत घेतलं तर.

तीन आहेत.

१०.५०. दुसरं. चावलं, डाव्या अंगठ्याला. बरोबर केलं त्याने. फट ११.

ट्रक जातोय. हाक मारली. गाणं मोठं आहे.

११.१५. मी आता फटीत मावत नाही, मोजलंय, छातीची जाडी बारा. उषाबाईंना — हे कोणी वाचलं तर सांगा, दशम्या संपल्या होत्या, उपाशी नव्हतो. घोंगडी उचलली ती मी. धुडकूवर आळ घेऊ नका. तो निरोप देत होता.

११.४०. तिसरं. फट ८. ती प्रत्येक वेळी परत येते. उभी राहते. माझ्याकडे बघते.

चौथं दुमड्या कानाचं. मागे भिंतीला चिकटलंय. बोटं पोचतात, धरता येत नाही.

हाक मारली. लूमच्या खात्यात पोरांना मारायचो तशी. येत नाही.

१२.२०. बोट चाटलं.

१२.३०. आलं. हातात आहे. त्याचं हृदय फार जोरात. फटीकडे पाठ होती. अंधार वाढला म्हणून कळलं.

पट्टी लावली. फट पाच इंच. पिल्लाचं डोकं साडेचार. जाईल. डोळे लिहितानाही दारावरच ठेवायचे, दोन पावलं, मान खाली घालायची नाही. वही खाली ठेवताना मान — न बघता ठेवतो. ती बाहेर उभी आहे, धाप ऐकू येते. सव्वाचार धरा, कान दाबले तर. आता