मागच्या भिंतीवरची पाणअस्वलं

८ मार्च, रविवार
सकाळी ऋताचा पुण्याहून फोन. आवाजात हसू मावत नव्हतं. दिवाळीत तिनं एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी आपल्या वाडीतल्या देवळाच्या मागच्या भिंतीवरून चिमूटभर शेवाळ नेलं होतं. त्यात पाणअस्वलं सापडली. टाचणीच्या डोक्याहून लहान प्राणी, आठ पाय, पायांना नख्या. त्यातल्या एकाच्या नख्या पुस्तकातल्या कुणाशीच जुळेनात. मॅडम म्हणाल्या, नवीन असू शकतं. पण एकावर काही ठरत नाही. आणखी आठ-दहा हवीत, आणि मुख्य म्हणजे अंडी. पाडव्याला येऊन नेणार आहे.
"आई, तोवर त्या भिंतीला कुणी हात लावू नये. आप्पांना सांगून ठेव."
सांगते म्हटलं.
माझी मुलगी असं काहीतरी बघतेय जे आजवर कुणीच... पुढे लिहवत नाही. नजर लागायची माझीच.

१२ मार्च, गुरुवार
पेठच्या शाळेत दहावीचे पेपर, सुपरव्हिजन. घरी यायला सात. आप्पांना सांगायचं राहिलं.
खरं तर राहिलं नाही. जेवताना आप्पा यात्रा कमिटीतल्या दोघांशी बोलत बसले होते. सासऱ्यांपुढे सुनेनं मध्येच देवळाच्या भिंतीचा विषय कसा काढायचा? लिहायला बसलं की मला शब्द सापडतात. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की एकही नाही. उद्या सांगू.

१५ मार्च, रविवार
आप्पा दुपारी उन्हातून आले. डोक्याला टॉवेल, हात कोपरापर्यंत मातीचे, खूश.
"मागली भिंत पार तासून काढली. दोन दिस खुरपं चालवलं. यात्रंला ऑइलपेंट कसा बसंल बघ आता."
मी ताट वाढलं. 
संध्याकाळी ऋ.ला कळवलं.  रडेल असं वाटलं. मग म्हणाली, "खरवडलेलं कुठे टाकलं? पाणी नाही ना मारलं?"
आप्पांना विचारलं. नाही, कोरडंच. खराट्यानं लोटून चिंचेखाली. पाचोळ्याबरोबर पेटवणार आहेत.
"पेटवू नका. बास." फोन ठेवला तिनं.
आप्पांना सगळं सांगितलं, आता. त्यांचा चेहरा बघवेना. "आमाला काय म्हाईत, भिताडावर जनावरं व्हती ते. आदी बोलायचं व्हतं, बाई."
बोलायचं होतं.

१९ मार्च, पाडवा
ऋ. सकाळच्या एसटीनं मंचरला, तिथून बापाच्या मोटरसायकलवर. गुढीला नमस्कार केला आणि तशीच चिंचेखाली. आप्पा आधीच तिथे, ढिगाची राखण करत.
मी माफी मागायला गेले, तर म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुला नाही जमत लोकांत बोलायला. मीच आप्पांना फोन करायला हवा होता." रागानं नाही म्हणाली. म्हणून जास्त लागलं.
मग आप्पांना समजावत बसली. ऊन तापलं की हे प्राणी आठही पाय आत ओढून घेतात, सुकून गोळी होतात. खाणं नाही, पिणं नाही. वर्षानुवर्षं. पाणी मिळालं की पुन्हा चालायला लागतात. शास्त्रज्ञांनी तापवून पाहिलं, गोठवून पाहिलं, अवकाशातसुद्धा नेऊन आणलं.
"तुमच्या खुरप्याचं काय घेऊन बसलात, आप्पा."
चार दिवसांत पहिल्यांदा हसले ते.
ढिगातलं शेवाळ भरायला प्लॅस्टिक नको, हवा लागते, कागदच हवा. आप्पांनी ट्रंकेतून जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं काढली. अकरा भरली.

२२ मार्च, रविवार
कमिटीची बैठक देवळात. शाळेचा मायक्रोस्कोप हेडसरांना विचारून आणला होता. ऋ.नं सकाळीच चिमूटभर शेवाळ वाटीत भिजवलं. दुपारी एकेक माणूस डोळा लावत होता.
"हालतंय की, राव."
"रेडा चालल्यावानी दिसतंय."
कमिटीचे अध्यक्ष दत्ताभाऊजी, ह्यांचे चुलतभाऊ, म्हणाले, "येवढ्याशा किड्यापायी पोरीला पुण्याला ठिवलं व्हय?"
ऋ. चिडली नाही. "काका, तुमच्या टोमॅटोवरचा किडा तरी केवढा असतो? त्याच्यामागं पंप घेऊन दिवसभर फिरताच की."
सगळे हसले. भाऊजीपण. माझी मुलगी, बावीस वर्षांची, एवढ्या पुरुषांत उभी आणि आवाज कुठे चढला नाही की पडला नाही. हे कुठून आलं हिच्यात? माझ्यातून नक्की नाही.
मग रंगाचा विषय. पन्हाळीखाली हातभर शेवाळ अजून शिल्लक आहे, तिथे आप्पांचा हात पोचला नव्हता. ऋ. माझ्याकडे मुद्दाम बघेना. मी उठले. "तेवढा कोपरा यंदा रंगवू नका." पुढे काय बोलले आठवत नाही. 
"मास्तरीणबाई बी बोलाया लागल्या," भाऊजी म्हणाले. "बघू."
बघू म्हणजे नाही, हे कळतं मला. तरी उठले मी.

२७ मार्च, शुक्रवार
पेंटर आला. आप्पा सकाळपासून पन्हाळीखाली खुर्ची टाकून बसलेले. जेवण तिथेच नेलं.
पेंटर वैतागला. "बाबा, सरका की. सगळ्या यात्रंत डाग दिसंल."
"दिसू दे. नातीचा हाय."
दत्ताभाऊजी येऊन बघून गेले.  पिवळ्या भिंतीत काळपट तुकडा तसाच राहिला.

५ एप्रिल, रविवार
यात्रा झाली. पाव्हणे विचारायचे, कोपरा राहिला का? आप्पा प्रत्येकाला अवकाशापर्यंत नेऊन आणायचे.
आज ऋ.चा व्हिडिओ कॉल. चौथं पाकीट भिजवलंय. फोन भिंगाला लावला. गोल उजेड, त्यात काहीतरी डुलत चाललेलं.
"हालतंय," आप्पा हळूच म्हणाले.
"हे नेहमीचं, आप्पा. ते आपलं नाही."
"आपलं न्हाई म्हंजी? भिताड आपलं, तर ते बी आपलंच."
हसली. मग सांगितलं. चार पाकिटं झाली, ते वेगळ्या नख्यांचं एकही नाही. पन्हाळीखालचं चिमूटभर जाताना नेलं होतं, त्यातही नाही. प्रोजेक्ट मेमध्ये द्यायचा. एक अंडं मात्र मिळालंय, काटेरी. कुणाचं, ते फुटल्यावरच कळेल.
"किती दिवस?" मी.
"आठ. पंधरा. कदाचित फुटणारच नाही, आई."
हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मलाच धीर आला.
आप्पांना काळजी वेगळीच. "त्याला ऊब कोण देतंय? बल्ब तरी लाव."
"ऊब नको, आप्पा. पाणी आटू द्यायचं नाही, बस." दिवसातून तीनदा बघते म्हणाली, आणि तिसऱ्यांदा बघायला म्हणून फोन ठेवला.