हनुवटीखालचा हात

बाबा,

आज वर्गात 'ॲब्सेंट-माइंडेड' हा शब्द आला आणि पोरींना त्याचे भाग पाडून दाखवताना माझा हात आपोआप हनुवटीखाली गेला. केळझरच्या शाळेत तुम्ही अख्ख्या वर्गाला तसंच बसवायचे. हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल, तितके शब्दाचे भाग. नालवाडीच्या घरी स्वयंपाकघरातही सुटका नव्हती. आई भाकरी थापतेय, मी सातवीत, भुकेनं कासावीस, आणि घाईघाईत मी तीनच भाग सांगते. "काऊन घाई करून राह्यली? ॲब, सेंट, माइन, डिड. शेवटचा तूच खाल्ला न? मंग आता भाकर कायले पायजे?" तुम्ही हसता, आई हसते, मला रडू येतं. चारही भाग नीट म्हटल्यावरच ताट पुढे आलं. पुढे मीही इंग्रजीच शिकवायला लागले, पण तुमचा धीर काही माझ्यात आला नाही.

तुम्हाला लकवा मारला, उजवं अंग गेलं, त्यासोबत वाचाही. वर्ध्याच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, "त्याइले वेळ लागन, पन त्याइचा शब्द तुमी पुरा करू नोका." मी नेमकं तेच करत राहिले. तुम्ही "पा" म्हणायचे, मी पाण्याचा पेला पुढे करायची, आणि नको असलेलं पाणी तुम्ही मुकाट पिऊन टाकायचे. आठवलं की माझी मलाच चीड येते.

त्या शेवटच्या दुपारी तुम्ही डाव्या हातानं माझा हात ओढून स्वतःच्या हनुवटीखाली धरला. मी मोजावं म्हणून. हनुवटी एकदा टेकली, मग दुसऱ्यांदा. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, मला नागपूरची बस गाठायची होती. "रविवारी येतो न मी बाबा, तवा सांगजा," म्हणत मी हात सोडवून घेतला. शुक्रवारी तुम्ही गेलात.

तेरवीच्या दिवशी आईनं विचारलं, "तुले काई म्हनत होते का वं?" तिच्या तोंडाकडे पाहून मी खोटंच सांगितलं, "तुह्यं नाव घेत होते." जन्मभर तुम्ही तिला 'अवं'शिवाय हाक मारली नाही. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "जाताना यायनं माह्यं नाव घेतलं बाई." ती सांगू लागली की मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठते.

तुम्हाला काय म्हणायचं होतं, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर थकले होते मी, बाबा, मला ते ऐकायचंच नव्हतं. नागपूरची बस दर अर्ध्या तासाला असते.