दाजी, दुसरं पातं बसवलंय

प्रिय दाजी,

साष्टांग दंडवत वगैरे घालत नाही. तुम्हीच म्हणायचे, "मेव्हण्यानं पाया पडायचं नसतंय, कान धरायचा असतोय." म्हणून नुसतं प्रिय.

काल आपल्या लॉनवर यंदाच्या लग्नसराईतलं पहिलं लग्न लागलं. आलेल्या सगळ्या पाहुण्यांनी गवत बघितलं. फक्त तुम्ही बघितलं नाही. ज्यानं बघायला पाहिजे होतं, नेमक्या त्यानंच नाही! सकाळपासून हे कुणाला तरी सांगावं म्हणून नुसता तडफडतोय. अक्काला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मला काय सांगतोस? मी तिथंच होते की." मग राहिलं कोण? म्हणून तुम्हाला लिहून राह्यलो.

पण आधी भांडून घेतो.

तुम्ही शब्द दिला होता. मागच्या वैशाखातलं शेवटचं लग्न उरकल्यावर आपण दोघं गवत कापायची मशीन धूत होतो, तेव्हा. म्हणालात, "एवढी गडबड सरू दे. मी सवता जातो कुंभार पिंपळगावला. भगवानरावासमोर मांडी घालून बसतो अन् म्हणतो, तुमची रेणुका आमच्या किस्नाला द्या. माझ्या शब्दाला न्हाई म्हणतोय व्हय तो मंडपवाला?"

गडबड सरली. आणि आषाढात तुमच्या छातीत कळ आली, ती जालना गाठायच्या आत तुम्हाला घेऊनच गेली. असं असतंय का दाजी? जायच्या आधी माणसानं अर्धवट राहिलेलं बोलून तरी जावं!

अण्णांचं छत्र हरपलं तेव्हा मी पहिलीत होतो. आईचे गुडघे तिला गावाकडच्या घराचा उंबरा ओलांडू देत नाहीत. सोयरीक बोलायला जाणारा मोठा माणूस म्हणून आम्हाला एकटे तुम्ही. मग मी आता कुणाला पाठवू? बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेला, सरांच्या टेबलावर ओळखपत्र फेकून आलेला पोरगा स्वतःच जाऊन मुलीच्या बापाला सांगणार का, की मला तुमची पोरगी पसंत आहे म्हणून?

शब्द पाळायची तर तुमची रीत होती. तुमच्या लग्नातली कानपिळी आठवते का? सगळे नवरीचे भाऊ नवरदेवाचा कान नुसता धरल्यासारखा करतात, मिळेल ते घेतात आणि खाली उतरतात. मी चौथीत. तुमचा कान असा पिळला की फेट्याखाली तो लालभडक झाला. तुमच्या मामानं घड्याळ पुढं केलं. मी म्हणालो, "सायकल पाहिजे." सगळा मांडव हसला. मी कान सोडीना. भटजी ओरडले, आईनं डोळे वटारले, मला काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी तुम्हीच वाकडी मान करून म्हणालात, "देतो रे सायकल, सोड आता. शब्द हाय माझा."

आणि दिवाळीला सायकल आली. हिरवी, घंटीची. तेव्हापासून मी तुमच्या शब्दावर उड्या मारत आलो. मग हाच एक शब्द कसा राहिला?

कॉलेज सोडून परतूरला तुमच्याकडं आलो, तेव्हा तुम्ही एक शब्द विचारला नाही. मागच्या अंगणात बसवलंत आणि हातात कानस दिली. बाभळीच्या ओंडक्यावर पातं, त्याचं एक टोक अक्काच्या हातात, दुसऱ्यावर तुमची कानस. "आधी प्लगची टोपी काढायची. मशीन झोपलेली दिसती, पण तिचा भरवसा न्हाई. तुझ्यासारखीच हाय." मग जुना उतार धरून, एकाच बाजूला, सावकाश. पुढं ढकलायची, उचलायची, पुन्हा पुढं. मला वाटायचं, काय हे म्हाताऱ्यांचं काम! कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडं ग्राइंडर आहे, दोन मिनिटांत मोकळं. तुम्ही म्हणायचे, "ग्राइंडरला घाई असती. आपल्याला न्हाई."

आणि तो दिवस! रेणुका स्टेजवर नवरा-नवरीच्या नावाची फुलांची अक्षरं लावत होती. मी उगीच तिच्या आसपास मशीन फिरवत होतो. कापलेलंच गवत पुन्हा कापत होतो. ती खाली उतरली, माझ्याजवळ आली. आणि म्हणाली काय, तर "गवताची टोकं पांढरी पडलीत. कापलं जात नाही, फाटतंय. धार गेली वाटतं."

तुम्ही लांबून ऐकलं आणि पोट धरून हसलात. "पाव्हणं, पोरगी पात्याकडं बघून राह्यली, तुमच्याकडं न्हाई!"

बघत होती दाजी. नंतर तिनं सांगितलं.

आता ऐका, तुमच्यामागं काय झालं ते.

खंडेनवमीला अक्कानं तुमची सगळी हत्यारं मांडली. कोयता, खुरपी, कानस आणि मधोमध मशीनचं पातं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, उसाची दोन टिपरी उभी केली. अन् तेवढ्यात रेणुकाचा मेसेज आला. संभाजीनगरचं स्थळ सांगून आलंय, दिवाळीनंतर बघायला येणार. तिचे वडील म्हणत होते, "त्या पोराकडून बोलायला आजवर कुणी आलंय का? मी काय वाट बघत बसू?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता लॉन आरशासारखं करतो, फोटो काढतो आणि त्यांना दाखवतो, बघा मी कोण आहे! पूजेतलं पातं उचललं. झेंडू खाली पडला. अक्का म्हणाली, "किस्ना, आज हत्यार हलवत न्हाईत रे. त्यांचा आरामाचा दिवस हाय." मी ऐकायला थांबलोच नाही. वेल्डिंगवाल्यानंही दुकानात पूजा मांडलेली, ग्राइंडरला हार घातलेला. तो नको नको म्हणत होता. मी हार काढून बाजूला ठेवला आणि स्वतःच बटण दाबलं.

काय ठिणग्या उडाल्या दाजी! मला वाटलं, धार म्हणजे ही. पातं हातात घेतलं तर दोन्ही कडा निळ्या. त्यावर पाण्याचा मग ओतला, फुस्स झालं. वेल्डिंगवाला हळूच म्हणाला, "गेलं. आता हे मऊ पडलं, धार टिकायची न्हाई." तरी मी बसवलं. एक बाजू जास्त खाल्लेली, त्यामुळं मशीन अशी थरथरली की माझे दात वाजले. चार महिने माजलेलं गवत, त्यात ते जळकं पातं. न्हावी अर्धी हजामत टाकून जेवायला गेल्यासारखं लॉन दिसत होतं.

आणि दोन दिवसांत स्टेजची मापं घ्यायला भगवानरावच आले! फाटकातच थांबले. "हे काय? बकऱ्या सोडल्या होत्या का हितं? आता सगळीकडं मॅट टाकावी लागंल."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. काय आलं होतं ते लिहीत नाही. तेवढ्यात मागून अक्कानं पाण्यानं भरलेला तांब्या माझ्या हातात ठेवला. हातात तांब्या आणि समोर पाहुणा. काय करणार? पाणी दिलं. ते प्यायले आणि गेले. तुमची बायको कसली वस्ताद आहे, माहीत होतं का तुम्हाला? होतंच म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ज्वारीच्या कोठीमागून एक पोतं काढलं. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेलं दुसरं पातं. ते तुम्ही यंदासाठी ठेवलं होतं. मला कधी सांगितलं नाहीत! मी तुमच्या जागेवर बसलो, अक्का तिच्या जागेवर. तिनं टोक धरलं.

"चालव आता," ती म्हणाली. "जल्दी करू नको. तुझे दाजी आवाज ऐकायचे."

आधी खरखर, खरखर. माझा हात रागातच चालायचा. ती टोक सोडून द्यायची आणि म्हणायची, "थांब. श्वास घे." पुन्हा धरायची. मग कधीतरी तो आवाज बदलला. खरखर गेली, लांब, सरळ सूर यायला लागला. आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. दाजी, हा आवाज ऐकायला तुम्ही डोळे मिटायचे ना? मला वाटायचं, झोपलात.

मग भिंतीतल्या तुमच्या खिळ्याला पातं मधल्या भोकातून अडकवलं. तोल बराबर असेल तर ते आडवं राहतं. ते कलंडलं. पुन्हा घासलं, पुन्हा अडकवलं, पुन्हा त्याच बाजूला खाली. मी वैतागलो. अक्का म्हणाली, "तुझ्यावर गेलंय ते. सारखं कुंभार पिंपळगावकडं कलतंय."

आणि हसली. आषाढानंतर पहिल्यांदा हसली दाजी. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मी कानस खाली ठेवली आणि बघत राहिलो. मग तीच म्हणाली, "घास की आता, बघतोस काय?"

तोल बराबर आला. मशीनला दुसरं पातं बसवलं. एकदम खोल नाही कापलं, तुम्ही सांगायचे तसं आधी वरवर, मग आठवड्यानं थोडं खाली. दिवाळी गेली. संभाजीनगरचे पाहुणे काही कामानं लांबले, एवढंच कळलं. मी रोज सकाळी गवताची टोकं बघायचो. पांढरी होती ती हिरवी झाली. तुळशीची लग्नं लागली आणि कालचा दिवस उजाडला.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगतो. तुमची आत्या आधीच बजावून गेली होती की अक्कानं लग्नाच्या दिवशी पुढं पुढं करू नये आणि सोयरिकीचं बोलणं तर तिनं तोंडातून काढूच नये, दुसरा कुणीतरी पुरुष बघा. काल सकाळी येऊन अक्का मागच्या भांड्यांच्या खोलीत बसली. मी चिडलो तर म्हणाली, "राहू दे रे. माणसं बोलत्यात."

टेम्पो आला. भगवानरावांची माणसं मॅटच्या गुंडाळ्या उतरवायला लागली. रेणुका फुलांच्या पाट्या घेऊन स्टेजवर चढली. भगवानरावांनी लॉनकडं बघितलं. चपला काढल्या. फाटकापासून स्टेजपर्यंत अनवाणी चालत गेले. परत आले. मग माणसांना म्हणाले, "मॅट टेम्पोतच राहू द्या."

मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, "कापायला कुणाला बोलावलं होतं?"

"कुणाला न्हाई बोलावलं." आवाज माझा नव्हता. अक्का होती. खोलीतून बाहेर आली होती, थेट गवताच्या मधोमध. "आमच्या किस्नानं कापलं. अन् भाऊ, एक बोलायचं राहून गेलंय. त्यांनी येऊन बोलायचं होतं, ते गेले. म्हणून मी बोलते. तुमची रेणुका आमच्या किस्नाला द्या."

भगवानराव गडबडले. "अक्का, तसं न्हाई... पण अशा बोलण्याला एखादा माणूस..."

"मंग मी कोण हाय?"

मी श्वास घेत होतो, तुमच्या बायकोनं शिकवल्यासारखा.

"पोरगं तापट हाय," ते शेवटी म्हणाले.

"हाय ना. पहिलं पातं जाळलं त्यानं," अक्का म्हणाली. "दुसरं न्हाई जाळलं. हे काय, तुमच्या पायाखाली हाय."

त्यांनी खाली बघितलं. मग स्टेजकडं. रेणुका पाठमोरी उभी, हातातलं अक्षर लावत होती. ते म्हणाले, "पोरी, ते अक्षर उलटं लावलंस."

ती म्हणाली, "मला माहीत आहे पप्पा." पण सरळ केलं नाही. तशीच उभी राहिली.

भगवानराव हसले दाजी! हसतच चपला घातल्या. "संभाजीनगरवाल्यांना कळवतो मी काहीतरी. रविवारी या आमच्याकडं. अक्का, तुम्हीच या बोलायला. दुसरं कुणी नको."

तर रविवारी जातोय. अक्कानं मोरपंखी साडी काढून ठेवली आहे. मला म्हणते, तिथं कमी बोल. मी म्हणालो, बिलकुल बोलणार नाही. ती म्हणाली, तेवढं पण गप्प बसू नको, मुकं समजतील.

तुमच्यावरचा राग? अजून थोडा आहे. सगळा घालवणार नाही, थोडा ठेवतो. शब्द मात्र तुमच्या घरातूनच पाळला गेला, हे कबूल.

आता माझा शब्द घ्या. बी.कॉम. पूर्ण करीन असं म्हणत नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण पात्याला धार घरीच लावीन, कानशीनं, आणि खंडेनवमीला पुन्हा हत्यार हलवणार नाही. लग्न ठरलं तर ते आपल्याच लॉनवर होईल, आणि त्या दिवशी अक्का भांड्यांच्या खोलीत बसणार नाही. माझ्या शेजारी, मांडवात, सगळ्यांच्या पुढं उभी राहील. आत्यानं काहीही म्हणू दे.

आणि रेणुकाला एक धाकटा भाऊ आहे. पाचवीत. पंजा चांगला दणकट आहे, मी हात मिळवून बघितलाय. तो कानपिळीला येईल, तेव्हा कितीही जोरात पिळू दे, माझं डोकं तापणार नाही. मान वाकडी करून उभा राहीन, तुमच्यासारखा. सायकल मागितली तर म्हणेन, देतो रे, शब्द आहे माझा.

हिरवीच देईन. घंटीची.

तुमचा कान लाल करणारा मेव्हणा,
किस्ना